मंडळाचे पैसे युगांडातल्या एका गावाला द्यायचेत. बोअर करावा की दुसरं काही?

रामबागची काकू, इंदूर

नमस्कार. प्रश्न लांब आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या महिला मंडळाला यंदा २५ वर्षं झाली. रौप्यमहोत्सवाचं जेवण आम्ही रद्द केलं (श्रीखंडाच्या बाजूचा गट अजून माझ्याशी तुटक बोलतो). ते पैसे, भिशीतली शिल्लक आणि दिवाळीच्या फराळाची कमाई मिळून २ लाख १० हजार जमले. माझा भाचा तीन वर्षांपासून कंपालाला नोकरी करून राहिला आहे. त्याच्या ऑफिसातला एक मुलगा पूर्व युगांडातला, सोरोटीच्या बाजूच्या खेड्यातला. तिथल्या बायका पाणथळीतल्या खड्ड्यातून पाणी आणतात, २० लिटरचा पिवळा कॅन डोक्यावर. भाच्याने व्हिडिओ पाठवला. खड्ड्याच्या एका कडेला गुरं पाणी पिताहेत, दुसऱ्या कडेला एक मुलगी मगाने वरवरचं पाणी कॅनमध्ये भरते आहे, खालचा गाळ ढवळू नये म्हणून मनगट तिरपं धरून. आमच्या ८१ वर्षांच्या माई ते बघून म्हणाल्या, "अगं, मी पण मग अस्साच धरायचे." १९७८ साली नर्मदा इंदूरला आली, त्याच्या आधीचे उन्हाळे त्यांनी काढलेत. झालं. सगळ्याजणी एकदम म्हणाल्या, पैसे इथेच.

आता अडचण. तिथल्या एका ठेकेदाराने हातपंपासकट बोअरचा आकडा दिला, तो आमच्या रकमेच्या दुपटीहून जास्त. बाकीचे पैसे दुसरा दाता घालेल म्हणतो. वर तुमच्या मंडळाची पाटी लावतो, देवनागरीत सुद्धा. मला त्या देवनागरी पाटीनेच शंका आली. तिथे ती वाचणार कोण?

मंडळात एक गट बोअरचा, एक सौरदिव्यांचा, आणि एक बाई नेहमीप्रमाणे शिलाई मशीन. गावाच्या सहभागातून टिकाऊ विकास हे शब्द प्रत्येक पत्रकात असतात. पण एवढ्या लांबून आम्ही नेमकं काय विचारायचं, काय बघायचं? ज्यांनी खरंच असलं काम केलंय त्यांनी सांगा. उपदेश नको, तो घरात मुबलक आहे.

जुना हापसेवाला, इंदूर

काकू, मी ३१ वर्षं हापसे बसवले नि दुरुस्त केले. जवळजवळ सगळी नोकरी झाबुआ, आलीराजपूर, कुक्षीकडे गेली. युगांडा मी पाहिलेला नाही, पण तिथला हापसा मी अंधारात खोलून देईन, कारण तो आपल्याच घरचा आहे. पूर्वी बिडाचे ओतीव हापसे यायचे, एका कुटुंबापुरते केलेले. त्यावर अख्खं गाव दिवसभर लटकलं की खिळी झिजून तो खिळखिळा व्हायचा. मराठवाड्यात जालन्याला मिशनच्या लोकांनी त्याला पोलादी केलं, पुढे सोलापुरात ते काम वाढलं, आणि १९७०च्या दशकात युनिसेफच्या साथीने त्यातूनच इंडिया मार्क टू तयार झाला. डोक्यात बेअरिंग, हँडलला साखळी, आणि पेटंट कुणाचंच नाही. म्हणून तो आफ्रिकेत देशोदेशी गेला. युगांडात त्याला यू-टू म्हणतात, त्याच्या पुढच्या भावाला यू-थ्री. सोलापूरकरांना हे माहीत नसतं, जाऊ द्या.

आता तुमचा प्रश्न. पाटी लावू नका, हे पहिलं. आमच्याकडे सायकलवर माणूस यायचा, वीस-बावीस किलोमीटरवरून, आणि सांगायचा, "साहेब, तुमचा हापसा बिघडला." तुमचा. पाणी पितो तो, आणि हापसा माझा! मला नोकरीची पहिली सात-आठ वर्षं यात काही चुकीचं आहे असं वाटलंही नाही. उलट बरं वाटायचं, आपण मोठे.

मार्क टूची खोड अशी की खालचा वायसर गेला तरी सगळा पाइप वर काढावा लागतो. ४० मीटरचा बोअर असेल तर तीन-तीन मीटरचे तेरा-चौदा लोखंडी पाइप, आत सळया, वर तिकाटणं, चार गडी. आणि हे कशासाठी, तर तळहाताएवढ्या चामड्याच्या वायसरसाठी. तो मिळतो चहाच्या किमतीत. चार गडी नि गाडी येईपर्यंत आमच्याकडे दोन-दोन महिने जायचे. तोवर बायका परत नाल्यावर. मार्क थ्री, म्हणजे तुमचा यू-थ्री, यात पाइप जाड असतो आणि दट्ट्या पाइपच्या पोटातूनच वर ओढून घेता येतो. केनिया नि मलावीत १९८०च्या दशकात आफ्रिदेव नावाचा हापसा केला, तो तर एका पान्याने अख्खा खुलतो. एकच पाना. केनियाच्या दक्षिण किनाऱ्यावर क्वाले म्हणून जिल्हा आहे, तिथे त्याच दशकात गावातल्या बायकांना पंप उघडायला शिकवलं आणि पाण्याच्या पैशांची बँक खाती त्यांच्या गटांच्या नावावर काढली. आम्हाला एका प्रशिक्षणात हे दाखवलं होतं. मागच्या बाकांवर सगळे हसत होते, मीही.

मग कुक्षीच्या पुढे एका फळियात, म्हणजे आदिवासी वस्तीत, मला एक भिलाला बाई भेटली. मी काम करताना ती शेजारी उकिडवी बसायची, बोलायची नाही. तिसऱ्या खेपेला मी वरचं झाकण उघडलं, तर साखळी आधीच ग्रीसने माखलेली. कुणी केलं? तिने. झाकणाचा बोल्ट कशाने काढलास? तर बैलगाडीच्या कामाचा घरचा पाना होता, तोंड थोडं मोठं, म्हणून मधे कापडाची घडी घालून. मी माझा पाना तिथेच ठेवून आलो. साहेबांना हरवला म्हणून सांगितलं, पगारातून पैसे कापले गेले. त्यानंतर त्या फळियातून मला कधी "तुमचा हापसा" ऐकू आलं नाही. निरोप यायचा तो असा, की हँडल उचलताना टक् वाजतं, सळईचा आटा ढिला झालाय, येताना नवी जोडणी आणा. दुखणं नि औषध दोन्ही निरोपातच!

म्हणून काकू, ठेकेदाराला काही विचारू नका. गावाला चारच गोष्टी विचारा. पाना कुणाच्या घरी राहणार? वायसर कुठल्या गावच्या दुकानात मिळतो? मागचा बिघाड कुणी नि किती दिवसांत दुरुस्त केला? आणि गावात आधीचा बंद पंप आहे का? या शेवटच्याचं उत्तर बहुधा हो असतं. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत साधारण तीनातला एक हातपंप कुठल्याही दिवशी बंद असतो, असं मोजणीत निघालं होतं. आमच्याकडेही फार वेगळं नव्हतं, फक्त कागदावर सगळे चालू असायचे.

कंपालाकर

मी इथे १४ वर्षं आहे, हापसेवाल्या काकांना साष्टांग. थोडी भर.

इथे गावपातळीला एलसी-वन म्हणतात, त्याचा निवडून आलेला अध्यक्ष असतो. भाच्याला सांगा, आधी त्याला भेट, मग पाणी समितीला. समिती प्रत्येक पंपाची असते, निदान असायला हवी. नऊ-दहा नावं, त्यात बायका. कागद बघून भुलू नका. खजिनदार बाईला बाजूला घेऊन विचारा, शेवटचे पैसे कधी गोळा केले आणि कशाला खर्च झाले. बाई अडखळली नाही तर समिती जिवंत आहे. दर महिन्याला वर्गणी हा प्रकार फक्त अहवालांत चालतो. टेसो भागात, म्हणजे सोरोटीच्या बाजूला, लोकांच्या हातात पैसा येतो तो भुईमूग, ज्वारी निघाल्यावर. तेव्हा गोळा झाला तर झाला.

दुसरं, पाइप. बऱ्याच ठिकाणी जमिनीतलं पाणी किंचित आंबट आहे, त्यात जस्ताचा मुलामा दिलेले पाइप सडतात. पाणी लाल येतं, कपड्याला डाग, मक्याच्या पिठाची उकड तपकिरी. बायका चव बघतात नि निमूटपणे परत खड्ड्यावर जातात. पंप चालू, पण पाणी कुणी पीत नाही! तेव्हा पाइप स्टेनलेस स्टीलचे किंवा प्लास्टिकचे आहेत का ते आधी विचारा.

तिसरं तुमच्या भिशीवाल्यांना आवडेल. १९९१ साली नायजर देशात मराडीच्या बाजूला बायकांचे बचत गट सुरू झाले, हौसा भाषेत माता मासू दुबारा. आता अशा गटांची पद्धत निम्म्या आफ्रिकेत पसरली आहे, युगांडात तर गल्लोगल्ली. लोखंडी पेटी, तिला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन वेगळ्या बायकांकडे, आणि पेटी चौथीच्या घरी. सगळ्यांसमोर उघडायची, सगळ्यांसमोर मोजायची. वर्षाअखेर व्याजासकट वाटून घ्यायचं. मी एकदा बैठकीला बसलो होतो. एक किल्लीवाली बाई बाळंतपणाला माहेरी गेलेली, तर पेटी उघडलीच नाही, सगळ्या गप्पा मारून घरी गेल्या. त्या गावात असा गट असेल तर पंपाचे पैसे त्याच पेटीत वेगळ्या पिशवीत राहू शकतात. नवी समिती उभी करण्यापेक्षा हे बरं.

सराफ्याचा भिया

काकू, झाबुआ इंदूरहून चार तासांच्या आत आहे. तिथल्या बायकांच्या डोक्यावरचे हंडे संपले का? आपली कान्ह नदी नाला झाली आहे ती वेगळीच. युगांडाला पैसे पाठवणं म्हणजे घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं. आणि त्या लोकांना शिकवणार तरी काय आपण?

जुना हापसेवाला, इंदूर

भिया, झाबुआचं बरोबर बोललास. झाबुआला देणारा निघाला तर त्यालाही मी हेच चार प्रश्न देईन. पण शिकवण्याचं म्हणशील तर नारू माहीत आहे का तुला? तुझ्या आजीला विचार.

मी नोकरीला लागलो तेव्हा झाबुआत नारू होता. पायऱ्यांच्या विहिरीत माणूस पाय घालून उभा राहायचा, घडा भरायचा. पायाला फोड, फोडातून दोऱ्यासारखा जंत बाहेर, हातभर, कधी दोन हात. आग आग होते म्हणून पाय पाण्यात, आणि पाण्यात गेला की जंत पिल्लं सोडणार. ती पाण्यातल्या बारीक पिसवांच्या पोटात, तेच पाणी दुसरा पिणार, वर्षाने त्याचा पाय. मी एका म्हाताऱ्याला जंत काडीला गुंडाळताना पाहिलंय. रोज बोटभर, ओढायचा नाही, तुटला तर पाय सुजतो. तो विडी ओढत शांतपणे गुंडाळत होता.

याला औषध नाही नि लसही नाही. पाणी कपड्याने गाळायचं, फोडवाल्याने पाण्यात उतरायचं नाही, बस. आम्ही विहिरी सोडवून हापसे दिले हे खरं, पण गाळायला शिकवलं ते गावच्याच लोकांनी. इंदूरच्या बरली या आदिवासी मुलींच्या संस्थेत शिकायला आलेल्या झाबुआच्या मुलीही त्यात होत्या, त्या घरी जाऊन आयांना सांगायच्या. आपल्याकडचा शेवटचा रोगी १९९६चा, २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला.

आता तिकडचं ऐक. १९८६ साली जगात नारूचे वर्षाला ३५ लाख रोगी धरले जात, आफ्रिका नि आशिया मिळून. २०२३ साली सगळे मिळून १४. घानात रेडक्रॉसच्या बायकांनी घरोघरी जाऊन गाळणी तपासली. सुदानात गुराखी भटकतात, कपडा कुठे धुणार, तर गळ्यात अडकवायची नळी दिली, तोंडाशी जाळी, ओणवं व्हायचं नि नळीने प्यायचं. गावोगावचे बिनपगारी लोक रोज आपापल्या वस्तीत फिरून कुणाला फोड आलाय का बघत होते. दक्षिण सुदानात तर लढाई चालू असतानाही. मला ३१ वर्षांत एकही हापसा असा राखता आला नाही. तेव्हा शिकवायचं कुणी नि कुणाला ते तूच ठरव.

माती-मास्तर, बडोदा

विषय पाण्यावरून जमिनीवर नेतो, माफ करा, कृषी महाविद्यालयात माती शिकवली आहे.

बुर्किना फासोतला याकुबा सावाडोगो, यातेंगा भागातला शेतकरी. १९८०च्या दशकात दुष्काळाने जमीन अशी टणक झाली की पाऊस वरून वाहून जायचा. त्याच्या पूर्वजांची झाई नावाची रीत होती, खळगे करून त्यात पेरायचं. त्याने खळगे मोठे केले, उन्हाळ्यातच खणले, त्यात शेणखत टाकलं. खताला वाळवी लागते. आपण वाळवी म्हटलं की डबा घेऊन धावतो, त्याने तिलाच कामाला लावलं. ती खाली बिळं करते, पहिल्या पावसाचं पाणी त्या बिळांतून मुरतं. गावाने वेडा ठरवलं, त्याचं लावलेलं रान जाळलं. तो मात्र वर्षातून दोनदा बाजार भरवायचा, गावोगावचे शेतकरी बियाणं घेऊन यायचे नि आपापले खळगे कसे केले ते सांगायचे. २०१८ साली त्याला राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला, २०२३ साली तो गेला.

२०१८ सालीच तोच पुरस्कार टोनी रिनाउडो या ऑस्ट्रेलियन माणसाला होता. कंपालाकरांनी सांगितलेलं मराडी, तिथेच तो १९८३ साली रोपं लावून लावून थकला होता. रोपं मरत होती. मग लक्षात आलं, शेतातली झुडपं ही झुडपं नाहीतच, तोडलेल्या झाडांचे बुंधे फुटताहेत. फक्त फांद्या निवडून राखा. नायजरमध्ये असं सुमारे ५० लाख हेक्टरवर झाड परत आलं. पण आधी का राखत नव्हते? कारण कायद्याने झाड सरकारचं होतं. उद्या तोडलं तर दंड, मग वाढवायचं कशाला, कोंब उपटून टाका. तो धाक सैल झाला नि झाड शेतकऱ्याचं झालं, मग कुणी सांगावं लागलं नाही. हापसेवाल्यांचा "तुमचा हापसा" वाचून हेच आठवलं.

हिशोबनीस, इंदूर

रुक्ष पण गरजेचं. मंडळ नोंदणीकृत असून करसवलत घेत असेल तर परदेशात खर्च केलेल्या पैशांवर ती सवलत साधारणपणे मिळत नाही, त्याला प्रत्यक्ष कर मंडळाची वेगळी मंजुरी लागते. मंडळाच्या खात्यातून पाठवू नका. व्यक्तीने स्वतःच्या खात्यातून बँकेमार्फत देणगी म्हणून पाठवता येते, एका वर्षात माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, तुम्ही तिच्या जवळपासही नाही. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, पैसे येण्यासाठी आहे, जाण्यासाठी नाही, त्याने घाबरू नका. आधी आपल्या सीएला विचारा.

रामबागची काकू, इंदूर

उशीर झाला, पण सांगण्यासारखं आहे. भाच्याला चार प्रश्न लिहून दिले होते. तो शनिवारी बसने गेला, तिथून भाड्याच्या मोटारसायकलवर मागे बसून.

बंद पंप आहे! शाळेच्या मागे, खड्ड्यापासून पाचशे पावलांवर. यू-टू. दोन वर्षांपूर्वी हँडल वर-खाली व्हायचं पण पाणी येईना, तेव्हापासून त्याला शेळी बांधतात. दात्याची पाटी मात्र शाबूत, संगमरवरी. समिती होती. तिचा अध्यक्ष सोरोटीला राहायला गेला आणि पान्यांची पेटी त्याच्याबरोबर गेली. भाच्याने "पाना कुणाकडे?" विचारल्यावर सगळ्या बायका हसायला लागल्या, त्याला वाटलं आपण भाषेत काही चुकलो. वायसर बाजाराच्या गावी मिळतो, १८ किलोमीटर. दुरुस्तीवाला तिथेच असतो, त्याने किती घेईन तेही सांगितलं होतं, पण अध्यक्षच नाही तर पैसे काढणार कोण, म्हणून राहिलं.

आणि बचत गट आहे, २६ बायकांचा, तीन कुलपांच्या पेटीसकट. पंपाचे पैसे या पेटीत का नाही ठेवले, असं भाच्याने विचारलं. तर एक बाई म्हणाली, आम्हाला कुणी विचारलंच नाही, पंप समितीचा होता.

ठेकेदाराला नकार कळवला. जुना पंप खोलायचा, पाइप बदलायचे, जमलं तर यू-थ्री करून घ्यायचा, आणि पान्यांचे दोन संच, एक पेटीवालीच्या घरी. दुरुस्तीवाला गटातल्या तिघींना शिकवायला तयार आहे, दोन दिवसांचे पैसे घेईल. मजुरी नि जेवण गावाचं, हे त्यांनीच सांगितलं. सगळं धरून आमच्या निम्म्या पैशांत बसतं. उरलेल्याचं काय ते ठरलेलं नाही, भिया खूश होईल असं काहीतरी करू. श्रीखंडवाल्याही टपून बसल्या आहेत.

हापसेवाले भाऊ, एक विचारायचं राहिलं. खोली तेरा पाइप सांगताहेत. स्टीलचे पाइप फार महाग पडून राहिलेत. पूर्वीचेच लोखंडी घातले तर नाही चालणार?

जुना हापसेवाला, इंदूर

आधी पाण्याचा रंग विचारा. पंप चालू होता तेव्हा सकाळचा पहिला कॅन लाल यायचा आणि चार-पाच कॅन उपसल्यावर साफ व्हायचं, असं असेल तर तो पाइपचा गंज. मग लोखंडी नकोच, दोन वर्षांत परत शेळी बांधतील. दिवसभर सारखंच लाल असेल तर लोह जमिनीतलं आहे, स्टील घालूनही जाणार नाही, त्याची वेगळी तजवीज लागेल. आणि हे दुरुस्तीवाल्याला विचारू नका, पहाटे पहिली जाणारी बाई कोण होती तिला विचारा.